दोन ताटे, दोन मापे

पूर्वीच्या औंध संस्थानाचा महाराष्ट्रातील मुलूख आज दोन जिल्ह्यांत वाटला गेला आहे. खुद्द औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल हे त्याचे जुने तालुके सांगली जिल्ह्यात मोडतात. ह्यांतील बराचसा प्रदेश अवर्षणाचा. तरीही आटपाडीच्या माळावर शेतकऱ्याने डाळिंब उभे केले आणि कुंडल-पलूसच्या पट्ट्यात द्राक्षबागा जोपासल्या. त्यांतील निवडक माल युरोपच्या बाजारात जातो. असा माल पाठवायचा तर बागेची कृषिखात्याकडे नोंद करावी लागते, बागेला क्रमांक मिळतो, फवारणीची वही ठेवावी लागते, आणि द्राक्षांच्या बाबतीत तोडणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेऊन जातो. पेटी रॉटरडॅमला उघडली, तरी तिच्यावरील खुणेवरून ती कोणत्या गावच्या कोणत्या बागेतून आली हे सांगता येते.

त्याच बागायतदाराच्या घरात, आणि त्याच्या बागेत छाटणीला येणाऱ्या मजुराच्या घरात, परदेशातून काय येते याचा असा माग कोणी ठेवते काय? २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' म्हणून शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल दिले. आपल्या देशात खपणारे पामतेल जवळजवळ सगळे आयात केलेले, आणि मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातले असते. ते कोणत्या जहाजातून आले, कोणत्या टाकीत साठवले गेले, त्याची कोणती चाचणी कोणी केली, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर शिधा घेणाऱ्या बाईला मिळावे अशी सोय आपल्या व्यवस्थेत नाही. तंत्रज्ञान आपल्याजवळ आहे, ते चालवणारी माणसेही आहेत. परंतु ते परक्याच्या ताटासाठी राबते आणि आपल्या ताटापाशी येऊन थांबते, ही आमची तक्रार आहे.

आयात अन्नाशी ह्या मुलखाचा जवळून परिचय झाला तो दुष्काळात. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली, आणि रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्या हजारो कुटुंबांनी ती खाल्ली. तिच्यात काय आहे हे विचारण्याचे त्राण त्या माणसांत नव्हते, आणि विचारले असते तर सांगणारेही कोणी नव्हते. उपाशी माणसाला निवड नसते. ज्याला निवड नसते त्याच्या वतीने तपासणी करणे हे सरकारचे पहिले कर्तव्य ठरते. धान्याबरोबर काय येऊ शकते ह्याची एक खूण तर आजही खटाव-माणच्या प्रत्येक पडीक रानात उभी आहे. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आपल्याकडे पसरले असे मानले जाते. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली. त्याने कुणाच्या अंगाला खाज सुटली, कुणाला दम्याचा त्रास जडला, आणि कुणाचे चराऊ रान गेले. बंदरावर दुर्लक्षिलेल्या एका बारीक बीची किंमत शेकडो कोस आत राहणाऱ्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते, एवढा धडा त्यातून घ्यावयास हरकत नव्हती.

द्राक्षांच्या तपासणीची व्यवस्था काही कुणाच्या सद्‌बुद्धीतून जन्मली नाही. २००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडले आणि युरोपभर इशारा गेला. बाजार हातचा जाण्याची वेळ आली तेव्हा अपेडा ह्या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाने २००६ साली 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तिची संदर्भ-प्रयोगशाळा आहे. शेतकऱ्याची नोंद, नमुन्याचा अहवाल, पॅकिंगगृहाची तपासणी आणि निर्यातीचा दाखला ह्या सर्व कड्या एकाच साखळीत ओवल्या आहेत. आधीची कडी जुळल्यावाचून पुढची जुळत नाही. द्राक्षाच्या रसातील पदार्थ एकमेकांपासून विलग करून त्यांच्या रेणूंचे वस्तुमान मोजणारी यंत्रे दीडशेहून अधिक रसायनांचा शोध एका नमुन्यात घेतात. युरोपने ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याच्यासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच मुभा आहे. आपली यंत्रे आणि आपले तंत्रज्ञ हे मोजमाप वर्षानुवर्षे करीत आले आहेत. तेव्हा 'आपल्या देशाला हे जमणार नाही' असे म्हणण्याची सोय कुणालाही उरलेली नाही.

मात्र ह्या व्यवस्थेच्या उद्देशाकडे नीट पाहिले पाहिजे. एखाद्या बागेचा नमुना मर्यादेबाहेर गेला, तर त्या बागेतला माल युरोपला जात नाही. तोच माल देशातल्या बाजारात जाण्यास ह्या व्यवस्थेची कोणतीही आडकाठी नसते. जर्मनीतल्या मुलाने जे खाऊ नये असे यंत्राने सांगितले, ते सांगलीतल्या मुलाने खावे की नाही, हा प्रश्न त्या यंत्राला कुणी विचारलेलाच नाही. यंत्र निःपक्षपाती असते हे खरे. परंतु त्याच्यापुढे कोणता नमुना ठेवायचा हे माणसे ठरवतात, आणि त्या ठरवण्यात पक्षपात असतो.

आता उलट दिशेने येणाऱ्या मालाकडे वळू. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. तूर म्यानमार, मोझांबिक आणि मलावीतून येते. मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून. म्हणजे आयात अन्न ही काही शहरातल्या काचेच्या दुकानांतली चैन राहिलेली नाही. गरिबाच्या आमटीत आणि फोडणीत ते रोज आहे. त्यासाठी कायदा नाही असेही नाही. २००६ चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा असुरक्षित अन्नाच्या आयातीस स्पष्ट मनाई करतो. २०१७ साली आयातीचे स्वतंत्र विनियम झाले. बंदरावर आलेल्या मालाचे कागद संगणकावरून जातात आणि जोखीम पाहून नमुने निवडले जातात. प्रत्येक पोते तपासणे जगात कोठेही शक्य नसते, तेव्हा निवडीला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो निवडीनंतर जे होते त्याला. बंदरातून सुटलेली डाळ मोठ्या बाजारात देशी डाळीत मिसळते, सुटी होते आणि निनावी होते. औंधच्या बाजारात घेतलेली पावशेर मसूर कॅनडाची की मध्य प्रदेशातली, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या घडाला गाव आहे. आपल्या ताटातल्या डाळीला ते नाही.

डाळीचेच उदाहरण पुढे नेऊ. थंड मुलखातील काही शेतकरी कापणीपूर्वी मसुरीचे पीक एकसारखे वाळावे म्हणून त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात. त्याचे अंश दाण्यात राहू शकतात. आपल्याकडे ह्या डाळी वर्षानुवर्षे येत होत्या. त्यांत हे रसायन तपासण्याचा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि तेव्हा डाळींतील ग्लायफोसेटसाठी आपली स्वतःची मर्यादाच ठरलेली नसल्यामुळे आंतरराष्ट्रीय 'कोडेक्स'ची मर्यादा उसनी घ्यावी लागली. ज्या देशात बहुसंख्य लोकांना प्रथिने डाळीतून मिळतात आणि जेथे लहान मुलाचे पहिले अन्न वरणाचे पाणी असते, त्या देशाने डाळीचे माप दुसऱ्याकडून घ्यावे, ह्याला काय म्हणावे?

दुधाची कथा ह्याहून बोलकी आहे. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघडकीस आले. सुमारे तीन लाख बालके त्याने आजारी पडली आणि सहा दगावली. दुधातील प्रथिने नत्राच्या प्रमाणावरून मोजण्याची जी जुनी चाचणी आहे, तिला फसवण्यासाठीच हा नत्रयुक्त पदार्थ वापरला गेला होता. पाणी घातलेले दूध यंत्रावर पौष्टिक ठरत होते. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चीनमधील दूध आणि दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली, ते योग्यच झाले. बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०१९ साली ती वाढवताना असे ठरले की, बंदरांवरील सर्व प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्यास समर्थ होईपर्यंत बंदी चालू राहील. ह्या वाक्याचा अर्थ वाचकांनी शांतपणे लक्षात घ्यावा. जगाला हादरवणाऱ्या घटनेनंतर अकरा वर्षांनीही आपल्या सर्व बंदरांवर त्या एका पदार्थाची चाचणी करण्याची तयारी नव्हती. त्याच काळात मांजरीच्या देखरेखीखाली युरोपसाठी द्राक्षांतील शेकड्याने रसायने मोजली जात होती.

येथे तंत्रज्ञानाच्या मर्यादेचाही विचार केला पाहिजे, कारण यंत्रे आणली की सर्व काही सुरळीत होईल अशी भाबडी समजूत आमची नाही. यंत्राला जे शोधावयास सांगावे तेवढेच ते शोधते. २०१० साली भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढरोधकामुळे. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, आणि वेलीची वाढ आवरून घड धरण्यासाठी ते सर्रास वापरले जात होते. ग्रेपनेट होते, प्रयोगशाळा होत्या, अहवालही स्वच्छ होते. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. बागेत जे रोज वापरले जाते ते यादी करणाऱ्यांना कळले नाही, कारण बागेत राबणाऱ्यांना यादी करताना कुणी विचारले नाही. पैसे अडकले ते बागायतदारांचे. आयातीच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. डाळ, तेल, फळे ज्या देशांतून येतात, तेथील शेतात प्रत्यक्ष काय फवारले जाते ह्याची माहिती घेऊन यादी केली पाहिजे. कार्यालयात बसून जुनी यादी पुढे चालवल्याने केवळ स्वच्छ अहवाल मिळतात, स्वच्छ अन्न मिळेलच असे नाही.

दुसरा धडा स्पेनचा आहे. १९८१ साली फ्रान्समधून स्पेनमध्ये उद्योगधंद्यांसाठी म्हणून रेपसीड तेल आणले गेले. ते खाण्यात येऊ नये म्हणूनच त्यात अ‍ॅनिलिन मिसळलेले होते. काही व्यापाऱ्यांनी ते पुन्हा शुद्ध करण्याचा खटाटोप करून खाद्यतेल म्हणून विकले. माद्रिदच्या आसपासच्या कामकरी वस्त्यांत ते दारोदार आणि आठवडी बाजारांत स्वस्तात खपले. वीस हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली, तीनशेहून अधिक मेली आणि अनेकांना जन्माचे अपंगत्व आले. बंदरावर हे तेल अडवण्याचे कारण नव्हते, कारण कागदावर ते खाद्य नव्हतेच. धोका निर्माण झाला तो बंदर आणि ताट ह्यांच्या मधल्या अंधाऱ्या वाटेवर. म्हणूनच केवळ बंदरावर चोख यंत्रे बसवून भागत नाही. आयात मालाचा माग शेवटच्या किरकोळ दुकानापर्यंत राहिला पाहिजे, कारण सर्वांत स्वस्त माल घेणाऱ्या माणसापर्यंतच सर्वांत संशयास्पद माल पोहोचतो.

नागरिकाने असा प्रश्न विचारावा काय, आणि विचारला तर उत्तर मिळते काय? मिळू शकते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ साली झाला. त्यानंतर युरोपीय समुदायाकडून दुग्धविकासाच्या योजनेसाठी मिळालेले आयर्लंडचे लोणी मुंबईत आले. त्यात किरणोत्साराचा अंश आहे ह्या शंकेवरून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि अन्य नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेथे याचिका फेटाळली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. ठरवलेल्या मर्यादेतील असे पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत, असे मत समितीने एकमताने दिले आणि १९८८ साली प्रकरण मिटले. निकाल याचिकाकर्त्यांच्या विरुद्ध गेला म्हणून ती खटपट वाया गेली असे आम्ही मानत नाही. आलेल्या अन्नात काय आहे ह्याचा जाहीर हिशेब मागण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. परंतु औंधच्या मजुराने पावशेर मसुरीसाठी दिल्लीपर्यंत जावे, ही अपेक्षा कोणी करणार नाही. जे उत्तर त्यांना सर्वोच्च न्यायालयात मिळाले, ते सामान्य माणसाला रेशन दुकानाच्या फळ्यावर मिळाले पाहिजे.

आमच्या म्हणण्याचा कोणी असा अर्थ काढील की, परदेशी ते विषारी आणि देशी ते अमृत. तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले आणि युरोपभर हजारो पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. म्हणजे दुसऱ्याच्या ताटात दोष पाठवणाऱ्यांत आपणही आहोत. पामतेलाचेही पाहा. तेल अतिशय तापवून शुद्ध करताना त्यात ग्लायसिडिल एस्टर नावाचे अपायकारक पदार्थ तयार होतात. युरोपने २०१८ साली त्यांवर मर्यादा घातली. हे शुद्धीकरण पुष्कळदा आपल्याच किनाऱ्यावरील कारखान्यांत होते. तेव्हा दोष परक्याचा की आपला हा वाद निरर्थक आहे. खाणाऱ्याच्या शरीराला सरहद्द कळत नाही. युरोपकडून घेण्यासारखे असेल तर ते हे की, तेथे १९७९ पासून अन्नाच्या धोक्यांची इशारा-व्यवस्था आहे आणि तिच्या नोंदी लोकांना पाहता येतात. आपल्याकडेही सप्टेंबर २०२४ मध्ये आयातीत नाकारलेल्या अन्नाच्या सूचनांचे संकेतस्थळ सुरू झाले. ही स्वागतार्ह सुरुवात आहे. परंतु नाकारलेल्या मालाची यादी मिळाली तरी स्वीकारलेल्या मालात काय आढळले हा प्रश्न उरतोच, आणि आपण खातो ते स्वीकारलेलेच अन्न.

खर्चाचा आक्षेप येईल. तपासणी वाढली की डाळ महाग होईल, असे व्यापारी म्हणतील. युरोपच्या ग्राहकासाठी होणाऱ्या चाचण्यांचा भार सोसताना हा आक्षेप कोणी फारसा घेतला नाही. तो खर्च शेवटी बागायतदाराच्या हाती येणाऱ्या पैशातूनच वळता होतो. स्वतःच्या माणसांची वेळ आली की मात्र पैशाची आठवण होते. शिवाय मोठा आयातदार जहाजामागे जो व्यवहार करतो, त्याच्या तुलनेत काही नमुन्यांच्या चाचणीचा खर्च तो काय? तो त्याच्याकडूनच घ्यावा आणि रेशनच्या मालासाठी सरकारने उचलावा.

ह्या मुलखाला हिशेब मागण्याची परंपरा आहे. १९३९ साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी घटना लागू केली. गांधीजींच्या मार्गदर्शनाने, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या प्रयत्नांतून ती आकाराला आली, आणि गावपंचायत हा तिचा पाया होता. बहात्तर गावांचे ते छोटे राज्य १९४८ साली विलीन झाले. पण ज्याला परिणाम भोगावे लागतात त्याच्या हाती कारभाराचा हिशेब असावा, हे त्यामागचे सूत्र जुने झालेले नाही. संगणक आणि प्रयोगशाळा ह्यांच्या युगात ते अमलात आणणे तेव्हापेक्षा सोपे आहे.

आमच्या मागण्या सरळ आहेत. आयात झालेल्या डाळीच्या, तेलाच्या आणि धान्याच्या प्रत्येक खेपेला क्रमांक असावा, आणि द्राक्षाच्या पेटीप्रमाणे तो किरकोळ पिशवीपर्यंत यावा. सुटा माल विकणाऱ्याने तो पाटीवर लिहावा. खेपेचा चाचणी-अहवाल मराठीत, सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत जाहीर व्हावा. तपासावयाच्या पदार्थांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होऊन तिच्यावर हरकती मागवल्या जाव्यात. निर्यातीसाठी नापास झालेला माल देशी मर्यादेनुसार पुन्हा तपासल्यावाचून येथे विकला जाऊ नये. फिरत्या प्रयोगशाळांची वाहने आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी यावीत. आणि रेशनवर येणाऱ्या आयात मालाचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा.

ह्या मागण्या मान्य होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने कोणत्याही खरेदीदाराला शुल्क भरून विकत घेतलेले अन्न तपासून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि अन्न दोषी ठरले तर ते शुल्क परत मिळते. एकट्या मजुराला हे शुल्क परवडणारे नाही. गावाने वर्गणी काढली तर परवडेल. खटाव आणि आटपाडीतील दहा गावांनी मिळून रेशनच्या पामतेलाचे आणि बाजारातल्या मसुरीचे नमुने रीतसर पाठवावेत आणि आलेले अहवाल चावडीवर लावावेत. द्राक्षाची फवारणी-वही बिनचूक ठेवणारी माणसे ही आहेत. तेवढीच चोख वही त्यांनी आता आपल्या स्वयंपाकघरासाठी ठेवावी.